फोन कोणी ठेवला

"तुमच्यांनी ठेवला फोन."

"तुमच्यांनी! आमचे साहेब पाऊण तास रिसीव्हर कानाला लावून बसले होते, ताई. पाऊण तास! हात बधिर झाला होता त्यांचा."

"अगदी हेच आमच्याकडे शिकवतात. फक्त आमच्यात बधिर झालेला हात आमच्या साहेबांचा असतो."

"खोटं शिकवतात."

"आणि तुमच्याकडे काय, खरं रेशनवर मिळतं?"

"पुलावर माणसं कोणी आणून बसवली होती? बोल ना. माणसं तुमची, बंदुका तुमच्या, आणि वर फोनही तुम्हीच आपटायचा."

"धान्याच्या गाड्या अडवल्या नसत्या तर पुलावर कोण कशाला येतंय, छोट्या? उपाशी माणूस हवा खायला येत नाही पुलावर. आणि हे बघ, टाळी कधी एका हाताने वाजत नाही."

"टाळी नसेल वाजत. थप्पड वाजते. एकाच हाताने वाजते."

ऑपरेटरबाई ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. तीन कप, त्यातले दोन कानतुटके, आणि बशीत सहा बिस्किटं, माणशी दोन. सकाळी मुलाला त्यांनी बजावलं होतं, "नऊ वर्षांनी येतेय ती. हवेबद्दल बोल, बाकी कशाबद्दल नको." "हवेबद्दल काय बोलू?" "गरम होतंय म्हण." मुलगा आज्ञाधारक. बहीण तीन जिने चढून आली, दोघं गळ्यात पडली, पोटभर रडली, बसली, आणि तो म्हणाला, "फार गरम होतंय नाही?" ती म्हणाली, "वर इतकं होत नाही." तो म्हणाला, "वर काय, सगळंच चांगलं." हवेपासून लढाईपर्यंत पोचायला दोघांना अकरा मिनिटं लागली. बाईंनी भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं होतं. ट्रंक कॉलची मिनिटं मोजण्यात उमर गेली, नोकरी सुटली तरी डोळा काट्यावरून हटत नव्हता.

"चहा गार होतोय," ट्रे टेबलावर ठेवत त्या म्हणाल्या.

कोणी ऐकलं नाही.

छोट्या हे नाव पाळण्यातलं. आता तो सहा फूट उंच, तिशीचा, आणि डावा पाय गुडघ्याखाली नाही. लाकडी पाय घरी आल्याबरोबर काढून तो खुर्चीला टेकवून ठेवतो, जशी दुसरी माणसं छत्री ठेवतात. नोकरी कुठे मिळावी? चपला-बुटांच्या दुकानात. गिऱ्हाईक ओशाळलं की तोच म्हणतो, "बघा साहेब, माझ्याइतका प्रामाणिक विक्रेता मिळायचा नाही. मला दुसरा बूट चोरून उपयोगच नाही." गिऱ्हाईक हसतं. घरी मात्र हा विनोद तो करत नाही. लढाईच्या तिसऱ्या वर्षी वरच्यांच्या सुरुंगावर पाय पडला होता.

ताई त्याच्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. लढाईच्या आदल्या वर्षी तिचं लग्न झालं, नवरा वरच्या मुलखातला, शाळेत गणित शिकवायचा. तेव्हा वरचे-खालचे हा भेद लोक बसच्या तिकिटापुरताच करत. वरचं तिकीट चढाचं म्हणून थोडं महाग. चौथ्या वर्षी त्या गणिताच्या मास्तरला बंदूक देऊन पाठवलं, आणि सहाव्या महिन्यात एका खोक्यातून त्याचा चष्मा घरी आला. माणूस आला नाही. ताई आता तिकडच्या दवाखान्यात चादरी धुते. कप उचलताना तिचे हात बाईंनी पाहिले. सोड्याने बोटांच्या पेरांवर भेगा पडल्या होत्या, आणि भेगांत काहीतरी पांढरं भरलेलं.

लढाई सहा वर्षं चालली आणि तीन वर्षांपूर्वी थांबली. संपली असं कोणी म्हणत नाही, थांबली म्हणतात. नदीवर अर्धा पूल शिल्लक आहे, उरलेल्या अर्ध्याच्या जागी फळ्या. फळ्यांच्या अलीकडे एक चौकी, पलीकडे एक चौकी. वर्षातून एक दिवसाचा पास मिळतो, तोही नशिबात असेल तर. सकाळी अलीकडच्या चौकीवर ताईने एका छापील कागदावर सही केली होती, की लढाईची जबाबदारी वरच्या बाजूची आहे हे मला मान्य आहे. संध्याकाळी परत गेली की पलीकडच्या चौकीवर दुसऱ्या कागदावर सही करायची, की जबाबदारी खालच्या बाजूची आहे. "सकाळी आम्ही गुन्हेगार, संध्याकाळी तुम्ही," ती आल्या आल्या हसत म्हणाली होती. "मधल्या वेळात मी माणूस."

तो मधला वेळ चाललेला होता. साडेबारा झाले होते. चार वाजता तिला चौकीवर हजर व्हायचं होतं.

"आयोगाने काढलाय निष्कर्ष," छोट्या म्हणाला. "चारशे साक्षी तपासून."

"आमच्या आयोगाने साडेचारशे तपासल्या."

"मग घ्या. पन्नास खोटे जास्त."

दोन्ही बाजूंचे दोन आयोग, दोघांचे विटेएवढे जाड अहवाल, आणि दोन्हींचा गाभा एकच. नऊ वर्षांपूर्वी एका मंगळवारी दुपारी वरचे साहेब आणि खालचे साहेब फोनवर बोलत होते. गाड्या सोडायच्या, माणसं पुलावरून मागे घ्यायची, असं ठरत आलं होतं. चाराला चार-पाच मिनिटं असताना समोरच्याने फोन ठेवला. कुठल्या समोरच्याने, एवढाच काय तो मतभेद. सात वाजता पुलावर पहिली गोळी सुटली. गोळी कोणाची, याबद्दल फारसं कोणी भांडतही नाही. ज्याने फोन ठेवला त्याच्यामुळे सुटली, असं दोघांचंही म्हणणं. फोन कोणी ठेवला हे शाळेत मुलांना पाठ करावं लागतं, एका मार्काला.

"पोरीला पहिला प्रश्न हाच आला होता," ताई म्हणाली. "चाचणीत."

"काय लिहिलं तिने?"

"काय लिहिणार? शिकवलं ते."

"म्हणजे मामा खुनी."

"तू होऊन ओढवून घेतोस अंगावर. मामा नाही लिहिलं तिने, खालचे लिहिलं."

"मी खालचाच आहे की गं! का मी मधल्या मजल्यावर राहतो?"

ताईने कप खाली ठेवला. पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढला, उलगडून टेबलावर ठेवला आणि हाताने सपाट केला. नातीसाठीचा पास. आठ वर्षांची नात, जिला बाईंनी फक्त दोन फोटोंत पाहिलं होतं. एकात ती झोपलेली, दुसऱ्यात हललेली. लहान मुलासाठी या बाजूच्या घरातल्या कर्त्या पुरुषाची सही लागायची. खाली रेघ छापलेली होती, रेघेवर कोणी नव्हतं.

"पुढच्या वर्षी तिला आणायची म्हणून लिहून आणलाय," ती म्हणाली. "पण आता विचार करते, कशाला? तिच्या बापाला ज्यांनी मारलं त्यांची वकिली करणाऱ्या मामाच्या मांडीवर बसवू तिला?"

"बसव ना. मांडी आहे शाबूत. त्याखालचं तुमच्यांनी नेलं."

"छोट्या!" बाई ओरडल्या.

"मी सही करतो," छोट्या म्हणाला. त्याने खिशातून पेन काढलंसुद्धा. "आत्ता करतो. तिने एकदा म्हणावं, फोन आमच्यांनी ठेवला. कागदावर नको, चौकीवर नको. इथे. माझ्यासमोर. म्हण ताई, पोरीसाठी म्हण."

"मेले तरी म्हणणार नाही."

"मग झालं."

पेन परत खिशात गेलं. ताईने कागदाची घडी घालायला सुरुवात केली, आधी अर्धी, मग चौथाई.

बाईंनी ती घडी पाहिली आणि त्यांना बसवेना. नऊ वर्षं एक गोष्ट त्यांनी पोटात ठेवली होती. आपण सांगितली तर आपली धडगत नाही हे त्यांना ठाऊक होतं. पण सांगितली तर या दोघांना भांडायला कारणच उरणार नाही, हेही त्यांना आज पहिल्यांदाच इतकं लख्ख दिसलं. फोन कोणी ठेवला? कोणीच नाही. मग कसली सही अडते?

एक्स्चेंजमध्ये त्या एकोणिसाव्या वर्षी लागल्या होत्या. पोस्टाच्या इमारतीचा दुसरा मजला, लांबलचक खोली, एका रांगेत अकरा बायका, अकरा उंच स्टुलं. समोर भिंतभर छिद्रांचा बोर्ड, छिद्रागणिक नंबर. पुढ्यातल्या फळीवर कॉर्डच्या जोड्या: एक टोक बोलावणाऱ्याच्या छिद्रात, दुसरं ज्याला बोलवायचं त्याच्या. शहरातले लोक त्यांना तोंडावरून ओळखत नसत, आवाजावरून ओळखत. भाजी घ्यायला गेल्या आणि "कशी दिलीत?" म्हणाल्या की भाजीवाला दचकायचा, "अरे! ऑपरेटरबाई!" आणि भाव उतरवायचा. नवरा लवकर गेला. त्या आवाजावर त्यांनी दोन पोरं वाढवली. पण पोरांच्या वाट्याला तो आवाज कमी आला. शाळेचं संमेलन, डॉक्टर, वाढदिवस, आई सगळीकडे उशिरा. "कॉल होता गं," हे ताईने लहानपणी इतक्यांदा ऐकलं होतं, की बाहुलीशी खेळताना बाहुलीची आईसुद्धा उशिरा यायची आणि म्हणायची, कॉल होता.

प्रत्येक कॉर्डला एक इवलासा दिवा असे. त्या टोकाच्या माणसाने रिसीव्हर ठेवला की दिवा लागायचा. दोन्ही लागले की बोलणं संपलं, कॉर्ड काढायची. चौदा नंबरच्या जोडीचे दिवे आठवड्यापूर्वी गेले होते. मेकॅनिक रोज म्हणायचा, उद्या. बायकांनी तिचं नाव ठेवलं होतं आंधळी. आंधळीवर कॉल आला तर नियम असा: लाइनमध्ये शिरायचं, विचारायचं, "बोलणं चालू आहे का?" उत्तर नाही आलं तर पुन्हा एकदा विचारायचं. मग दहा मोजायचे. तरी उत्तर नाही, तर कॉर्ड काढायची. आणि दुसरा नियम सुपरवायझरबाईंचा, दगडावरची रेघ: पाळी संपताना बोर्ड कोरा करून द्यायचा. एखादा लांबलेला कॉल चिठ्ठी लावून पुढच्या बाईकडे सोपवता यायचा, पण आंधळीवरचा नाही. आंधळीवरचा संपेपर्यंत जिचा तिने बसून राहायचं.

त्या मंगळवारी साहेबांचा कॉल आला तेव्हा बाकीच्या सगळ्या जोड्या अडकलेल्या होत्या. ताबडतोब हवा, असा हुकूम. बाईंनी तो आंधळीवर जोडला.

आणि त्याच मंगळवारी ताई सासरी परत निघाली होती. चौथा महिना. सव्वाचारची बस, आणि बाईंची पाळी चारला संपायची. दुपटी बाईंनी स्वतः शिवली होती, जुन्या मऊ सुती कपड्यांची, सहा. शेवटच्या दोन्हींच्या कडा जेवणाच्या सुट्टीत एक्स्चेंजमध्येच शिवल्या होत्या, ती सगळी तिथेच खणात. सकाळी निघताना ताई म्हणाली होती, "पोचशील ना गं? का कोणाचा तरी कॉल असेल? आयुष्यात एकदा तरी वेळेवर ये, आई."

चाराला पाच कमी असताना त्या लाइनमध्ये शिरल्या. "बोलणं चालू आहे का?" उत्तर नाही. "बोलणं चालू आहे का?" उत्तर नाही. पण सव्वीस वर्षांचा कान होता तो. रिकाम्या लाइनचा आवाज वेगळा, माणूस बसलेल्या लाइनचा वेगळा. एका टोकाला कोणीतरी नाकाने श्वास सोडत होतं. दुसऱ्या टोकाला खुर्ची कुरकुरली. दोघंही होते. कसल्याशा मुद्द्यावर अडले होते आणि आधी कोण बोलतो याची वाट पाहत होते. बाईंनी दहा मोजले. भरभर मोजले. कॉर्ड काढली, रजिस्टरात वेळ लिहिली, दुपट्यांची पिशवी घेतली आणि धावत सुटल्या.

स्टँडवर पोचल्या तेव्हा चार वाजून बारा मिनिटं झाली होती. ताई खिडकीतून टाळ्या वाजवत हसत होती, "आज सूर्य कुठे उगवलाय? अहो, माझी आई वेळेवर आली!" हे तिने शेजारच्या अनोळखी बाईलाही सांगितलं. पूल ओलांडून गेलेली ती शेवटची बस.

दुसऱ्या पाळीच्या बाईने नंतर सांगितलं, चार ते सात बोर्डावर दोन्हीकडून एकही कॉल आला नव्हता. ज्याने ठेवला त्यानेच पुन्हा करावा, म्हणून दोन्हीकडे दोघं बसून राहिले असणार. दुसऱ्या आठवड्यात एक्स्चेंज जळलं, रजिस्टर जळलं. सुपरवायझरबाई पहिल्याच हिवाळ्यात गेल्या. साडेआठशे साक्षीदार तपासले गेले. कॉर्ड जिच्या हातात होती त्या बाईला कोणी बोलावलं नाही. त्यांनाही वाटलं, बरंच झालं. मग वाटेनासं झालं. हल्ली त्या दवाखान्याच्या खिडकीत बसून रोग्यांचे नंबर पुकारतात, आणि कोणी दोनदा पुकारूनही आलं नाही तर तिसऱ्यांदा पुकारतात, चौथ्यांदा पुकारतात. मागची रांग शिव्या देते.

"ठेव तो कागद," बाई म्हणाल्या.

"राहू दे गं आई, काय उपयोग."

"ठेव म्हणते ना. फोन कोणीच ठेवला नव्हता."

छोट्या हसला. "झालं! तिसरा आयोग बसला."

"मी काढली कॉर्ड. माझ्या हाताने. चाराला पाच कमी असताना."

खालच्या मजल्यावरची शिलाई मशीन ऐकू आली. बाईंनी सांगितलं. आंधळी जोडी, गेलेले दिवे, दोनदा विचारायचा नियम, कोऱ्या बोर्डाचा नियम, सगळं सांगितलं. बसचं सांगितलं नाही. दुपट्यांचं सांगितलं नाही. सांगताना आवाज अजिबात हलला नाही, जणू त्या कोणाला तरी नंबर जोडून देत होत्या.

दोघं पोरं एकमेकांकडे पाहत राहिली. लहानपणी फुलदाणी फुटायची तेव्हा दोघं असंच पाहायची, आणि मग एका सुरात म्हणायची, मांजराने पाडली. बाईंना वाटलं, जमलं. मांजर व्हायला त्यांची काही ना नव्हती.

"म्हणजे..." ताई हळूच म्हणाली, "आमच्यांनी ठेवला नव्हता."

"तुमच्यांनी नाही आणि ह्यांनीही नाही."

"मी काय म्हणत होते नऊ वर्षं?" ती भावाकडे वळली. "आमच्यांनी ठेवला नव्हता!"

"एक मिनिट," छोट्या म्हणाला. "एक मिनिट हं. ती सुपरवायझरबाई. ती कुठली होती?"

"म्हणजे?"

"वरची होती ना? तिचा भाऊ वर डेअरीत होता, मला आठवतंय. कोरा बोर्ड कोणाचा नियम? तिचा. घ्या! वरच्या बाईच्या नियमापायी लाइन तोडली."

"आणि मेकॅनिक?" ताई उसळली. "आठवडाभर उद्या-उद्या करणारा? तो तर इथलाच होता. गल्लीच्या टोकाला राहायचा."

"मेकॅनिकचा काय संबंध?"

"दिवा त्याने लावला असता तर कळलं असतं ना, कोणी ठेवला आणि कोणी नाही!"

"अरे पण कोणीच नव्हता ठेवला!" बाई म्हणाल्या. "मी काय सांगतेय? भिंतीला सांगतेय का?"

"तू थांब, आई," छोट्या म्हणाला. "तू दोनदा विचारलंस ना? दोनदा विचारलं. मग 'हो, चालू आहे' म्हणायला कोणाची जीभ झडली होती? आधी बोलायची पाळी कोणाची होती?"

"ज्यांनी गाड्या अडवल्या त्यांची."

"ज्यांनी पुलावर बंदुका आणल्या त्यांची!"

"गाड्या आधी अडल्या!"

"बंदुका आधी आल्या!"

ये रे माझ्या मागल्या. बाई खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या होत्या. नऊ वर्षं ज्या गोष्टीच्या ओझ्याखाली त्या वाकल्या, ती या दोघांनी पाच मिनिटांत वाटून घेतली होती, चोराने चोराला वाटून द्यावी तशी, आणि दोघांनाही आपला वाटा मोठा झाल्यासारखा वाटत होता. आता फोन नव्हता, तर गप्प बसणं होतं. उद्या गप्प बसण्यावर आयोग नेमले जातील आणि नातीला चाचणीत एका मार्काला प्रश्न येईल, आधी गप्प कोण बसलं?

मग ताईच थांबली. कपाळाला आठी घालून ती आईकडे पाहत राहिली. लहानपणी गणित चुकलं की ती अशीच पाहायची, उत्तराकडे नाही, वरच्या ओळीकडे.

"पण आई, कशावरून?"

"काय कशावरून?"

"दिवे तर गेलेले होते म्हणतेस. दोनदा विचारलंस, कोणी बोललं नाही. मग दोघांपैकी एकाने आधीच ठेवला नसेल कशावरून? तुला कसं कळलं, की कोणीच ठेवला नव्हता?"

"बरोबर," छोट्या म्हणाला. भांडण सुरू झाल्यापासून बहिणीचं म्हणणं त्याला पहिल्यांदाच पटलं होतं. "बरोबर बोलतेय ती. हा पुरावा होत नाही. तू उगाच आम्हाला गप्प करायला सांगतेयस, आई. ठेवलाच असेल त्यांनी."

"किंवा ह्यांनी," ताई म्हणाली.

घडी घातलेला कागद अजून तिच्या हातात होता. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. अजून फाटला नव्हता, पिशवीत गेला नव्हता. एवढं सांगितल्यावर राहिलेलं झाकून काय मिळणार होतं?

"ऐकू आलं मला," त्या म्हणाल्या. "दोघांचंही. एकाचा श्वास ऐकू आला. दुसऱ्याची खुर्ची वाजली. दोघं होते लाइनवर. शपथेवर सांगते. दोघंही होते."

"नक्की?"

"सव्वीस वर्षं तेवढंच ऐकलं मी. नक्की."

छोट्याने लाकडी पाय उचलला, मांडीवर आडवा घेतला आणि त्याचा पट्टा उगाच सोडबांध करायला लागला. बराच वेळ करत राहिला. मान वर केली तेव्हा त्याचा चेहरा बदललेला होता. आता तो ना वरच्यांवर चिडलेला होता, ना बहिणीवर.

"म्हणजे तुला माहीत होतं," तो म्हणाला.

"हो."

"दोघं आहेत हे माहीत असताना तू काढलीस."

"हो."

"बसायचं होतं ना अजून थोडं. सुपरवायझरबाई म्हणाली असती ते म्हणाली असती, खाल्लं असतं का तिने तुला? अर्धा तास, आई. अर्धा तास बसली असतीस तर..." त्याने वाक्य पुरं केलं नाही. पाय परत खुर्चीला टेकवायला गेला, तो नीट टेकला नाही आणि धाडकन पडला. कोणी उचलला नाही.

"तिला बोलू नकोस," ताई म्हणाली.

"का? तुझा नवरा गेला, माझा पाय गेला, आणि हिला बोलू नको?"

"मी बोलते. तू ओरडतोस नुसता." ताईने आईला खुर्चीत बसवलं आणि दुसरी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसली. तिने आईचा हात धरला. भेगांची बोटं बाईंच्या मनगटाला खरखरीत लागली. आवाज तिने मुद्दाम मऊ केला होता. चिडली नव्हती ती. तिला खरंच समजून घ्यायचं होतं, आणि तेच वाईट होतं. "आई, तू कधी असा कॉल तोडला नाहीस गं. आमची संमेलनं बुडवलीस, आजारपणं बुडवलीस, पण कॉल नाही तोडलास. सासरी मी सगळ्यांना सांगायचे, माझी आई एकदाच वेळेवर आली आयुष्यात. मग त्या मंगळवारीच का? असा कोण मरत होता तिकडे? काय एवढी घाई होती तुला?"

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. ताईला अजून कळलेलं नव्हतं. दोन्ही वाक्यं तिच्याच तोंडून एकापाठोपाठ निघाली होती, ती वेळेवर येण्याची आणि ही घाईची, आणि मधलं बेरजेचं चिन्ह तेवढं घालायचं राहिलं होतं. गणिताच्या मास्तरची बायको. आज ना उद्या घालणार. फळ्यांवरून पलीकडे जाताना, किंवा चादरी पिळताना, किंवा पोरीला दुपटी कोणी शिवली ते सांगताना. आणि मग ती आयुष्यभर मोजत बसेल, सहा वर्षांत किती माणसं, आणि आपण खिडकीतून टाळ्या वाजवत हसत होतो.

छोट्यानेही मान वर केली होती. "हो, सांग की," तो म्हणाला. "एवढं तरी सांग."

टेबलावर तीन चहा होते, तिन्हींवर साय धरलेली. सहाच्या सहा बिस्किटं बशीत तशीच होती.

बाईंनी लेकीच्या हातातून हात सोडवून घेतला. हळूच, एकेक बोट. उठल्या, दाराशी जाऊन चपला पायात सरकवल्या.

"कुठे चाललीस?" ताई म्हणाली. "आई? मला तीनला निघायचंय."

बाईंनी कडी काढली.

"आई, ती काहीतरी विचारतेय!" छोट्या ओरडला. उभं राहायला त्याने खुर्चीचा हात धरला आणि पाय जमिनीवर शोधायला लागला.

त्या जिना उतरायला लागल्या होत्या.